थंड्या खोलीचा रात्रीचा पहारेकरी

माल शीतगृहात टाकला म्हणजे आपली जबाबदारी संपली, अशी आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांची समजूत असते. पावती मिळते, भाडे ठरते, आपण घरी येऊन झोपतो. रात्री दोनला लाईट जाते, जनरेटर सुरू करणारा माणूस गाढ झोपेत असतो, पहाटे पाचला लाईट परत येते. सकाळी आपण जातो तेव्हा काटा पुन्हा जागेवर असतो. मधल्या तीन तासांत खोलीत काय झाले, ते कोणालाच माहीत नसते. आठ दिवसांनी पेट्या फुटतात तेव्हा माल सांगतो, पण तोवर उशीर झालेला असतो. शीतगृहवाला म्हणतो, माल आधीच खराब होता. व्यापारी म्हणतो, खोली गरम झाली. पुरावा दोघांकडेही नाही.

हिशेब करून पाहा. १० टन संत्री, किलोला ३० रुपये धरले तर ३ लाखांचा माल झाला. त्याची राखण आपण अशा नोंदवहीच्या भरवशावर सोडतो, जिच्यात दर चार तासांनी ‘७’ हा आकडा एकाच पेनाने आणि एकाच बैठकीत लिहिलेला असतो. ज्यांनी अशा वह्या पाहिल्या आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

यावर उपाय आहे आणि तो आता फार महाग राहिलेला नाही. इंग्रजीत त्याला डेटा लॉगर म्हणतात. आपण नोंदपेटी म्हणू. तिचे काम सोपे आहे. एक संवेदक, म्हणजे सेन्सर, तापमान किंवा हवेतील ओलावा मोजतो. पेटी ठरावीक वेळाने तो आकडा वेळेसकट लिहून ठेवते. आणि सिमकार्डाच्या किंवा वाय-फायच्या मार्गाने तो आपल्या मोबाईलवर पाठविते. दर १० मिनिटांनी नोंद ठेवली तर दिवसाच्या १४४ आणि महिन्याच्या ४,३२० नोंदी होतात. एवढ्या नोंदी कोणी मुनीम लिहिणार नाही, आणि लिहिल्या तरी त्या खऱ्या नसतील.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. जुन्या वेधशाळांत चावीच्या ढोलावर कागद गुंडाळून शाईच्या टोकाने आठवडाभराच्या तापमानाची रेघ काढणारे यंत्र असे. आज तेच काम वीज आणि तरंग करतात. राज्य सरकारने २०१७ साली स्कायमेट या खाजगी कंपनीबरोबर ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला आणि महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील अनेकांनी ती पाहिली असतील. तारेच्या कुंपणात एक खांब, त्यावर सौरपट्टी, वारा मोजणारी फिरकी, पांढऱ्या तबकड्यांच्या आत तापमान-आर्द्रतेचा संवेदक आणि शेजारी पाऊस मोजणारे भांडे. त्या भांड्यात एक चिमुकली डोलती वाटी असते. ठरावीक पाणी भरले की ती कलते, पाणी सांडते आणि एक ठोका नोंदविला जातो. ठोके मोजले की पाऊस कळला. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी, हे ठरते ते याच आकड्यांवरून. संत्र्याच्या हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाईही अशाच केंद्राच्या नोंदीवर ठरते. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूरकडे झाडावरचा बगीचा विकत घेणाऱ्या आपल्या बागवान बांधवांनी हे समजून घ्यावे, कारण विम्याचा पैसा विमा काढलेल्या शेतकऱ्याला मिळतो, सौदा करणाऱ्याला नाही. आणि केंद्र दहा कोसांवर असेल तर आपल्या बागेतला पाऊस त्या भांड्यात पडलाच असेल, असे नाही. ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे.

दुसरे उदाहरण सरकारी दवाखान्यातले. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. केंद्र सरकारने २०१५ पासून ‘ईविन’ नावाची व्यवस्था आणली, तिच्यात लसीच्या फ्रिजमध्ये तापमानाचा संवेदक बसवून आकडे सिमकार्डाने वर पाठविले जातात. फ्रिज गरम झाला की संबंधिताच्या मोबाईलवर सूचना जाते. ज्या बंधूंची औषधांची ठोक दुकाने आहेत, इन्सुलिनची उलाढाल आहे, त्यांनी हेच आपल्या दुकानात करायला हरकत कसली?

आता मुख्य मुद्दा, बसवायचे कसे? माझे मत असे की नोंदपेटी कोणती घ्यावी यापेक्षा संवेदक कोठे लटकवावा, हा प्रश्न मोठा आहे. हे मी ठोकर खाऊन शिकलो. माझ्या एका नातेवाईकाच्या केळी पिकविण्याच्या खोलीत आम्ही हौसेने पेटी बसविली. बसविणाऱ्याने सोयीची जागा पाहिली आणि संवेदक थेट कूलरच्या पंख्यासमोर टांगला. मोबाईलवर दिवसरात्र १६ अंश. आम्ही खूश. पाचव्या दिवशी पंख्यासमोरच्या पेट्या हिरव्या, आणि मागच्या कोपऱ्यातल्या पेट्या पिवळ्या होऊन ठिपके पडायला लागलेल्या. कोपऱ्यात खोली २० च्या वर होती. यंत्र खोटे बोलले नव्हते, आम्ही त्याला चुकीच्या ठिकाणी उभे केले होते.

म्हणून एका खोलीत निदान दोन संवेदक हवेत. एक दारापासून आणि पंख्यापासून सर्वांत दूरच्या वरच्या कोपऱ्यात, दुसरा पेट्यांच्या थप्पीच्या मधोमध. भिंतीला चिकटवू नये, छताला टेकवू नये. दार उघडले की हवा लगेच गरम होते पण फळ होत नाही, त्यामुळे उघडा संवेदक दर वेळी बोंब मारतो. त्यावर लसवाल्यांची युक्ती चांगली आहे. त्याचे टोक ग्लायकोल भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवतात, म्हणजे तो हवेसारखा चटकन न हलता मालासारखा सावकाश बदलतो. फळाचे खरे तापमान पाहायचे तर एका संत्र्याच्या गरात टोक खुपसून पाहावे. फक्त ते संत्रे विकू नये.

शीतगृहाच्या भिंती पत्र्याच्या असतात. त्यांच्यातून मोबाईलचे तरंग पार होत नाहीत. पेटी आत ठेवली तर ती मुकी होते. पेटी बाहेर, तार आत, हाच सरळ मार्ग. तार जिथून आत जाते तिथले भोक फोमने बंद करावे, नाहीतर तिथे बर्फ धरतो. सिम फोरजीचे घ्यावे. टूजीवर चालणारी जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात, पण जिओकडे टूजी कधी नव्हतेच, आणि इतरांचे किती दिवस राहील याचा भरवसा नाही. वाय-फायवर चालणारी पेटी घेतली तर लाईट गेल्याबरोबर राऊटरही बंद पडतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी पेटी गप्प. पेटीला स्वतःची बॅटरी आणि आत मेमरी कार्ड असलेच पाहिजे. संपर्क तुटला तरी नोंद चालू राहते आणि जोडणी आली की मागचे आकडे जातात.

बसविल्यावर पहिल्याच दिवशी पडताळणी करावी. बर्फ बारीक कुटून ग्लासभर घ्यावा, त्यात फटी भरतील एवढेच थंड पाणी घालावे, टोक मधोमध धरून पाच मिनिटे थांबावे. आकडा ० आला पाहिजे. अर्धा अंश इकडेतिकडे चालेल. दोन अंशांचा फरक असेल तर संवेदक परत करावा किंवा तेवढी दुरुस्ती पेटीत भरावी. उकळत्या पाण्यावर पाहणार असाल तर १०० ची वाट पाहू नका, अकोल्याच्या उंचीवर पाणी ९९ च्या आसपास उकळते. ओलाव्याचा संवेदक तपासायला घरातले मीठ पुरते. झाकणात मीठ घेऊन त्याचा ओला चिखल करावा, तो आणि संवेदक एका घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आकडा ७५ टक्क्यांजवळ हवा. मात्र ओलाव्याचे स्वस्त संवेदक सतत ८०-९० टक्के दमटात राहिले की काही दिवसांतच जास्त दाखवू लागतात. संत्र्याला ६ ते ७ अंश आणि ९० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, तेव्हा अशा खोलीत ओलाव्याचा आकडा डोळे मिटून मानू नये आणि महिन्याला एकदा मिठाचा डबा काढावा.

सूचनेचा आकडा ठरविताना घाई करू नये. केळी पिकविण्याची खोली १६ ते १८ अंशांवर चालते. १३ च्या खाली गेली तर साल काळवंडते. तेव्हा वर १९ आणि खाली १४ ठेवावे, आणि तो आकडा सलग अर्धा तास टिकला तरच फोन वाजावा. दर दोन मिनिटांनी वाजणारा फोन दुसऱ्या दिवशी माणूस बंद करून ठेवतो. (जाता जाता: कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे आणि इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. तापमानाची नोंद ठेवणारी खोली अधिकाऱ्यापुढे आपली बाजू आपोआप मांडते.)

आमची दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट होती. सिमचे रिचार्ज संपले, पेटी तीन दिवस मुकी होती आणि फोन वाजत नाही म्हणून आम्ही निश्चिंत होतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, पेटी घेताना एकच प्रश्न आधी विचारा: अर्धा तास आकडा आला नाही, तर मला कळेल का? ‘नाही’ म्हटले तर ती पेटी घेऊ नका. सूचना एकाच्या नव्हे, तीन जणांच्या फोनवर जावी, आणि त्यांतला एक जण शीतगृहापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहणारा असावा. अमरावतीत बसलेल्या मालकाला रात्री कळून वरूडच्या जनरेटरला काय फायदा?

घड्याळही पाहून घ्यावे. कित्येक पेट्या जागतिक वेळ लिहितात, ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. लाईट गेली रात्री दोनला आणि नोंद सांगते साडेआठला, अशी नोंद भांडणात आपल्याच विरुद्ध जाते. शीतगृहाशी करार करतानाच लिहून घ्यावे की खोलीत आमचा संवेदक राहील आणि दोन्ही पक्ष त्याची नोंद मान्य करतील. चांगला शीतगृहवाला याला नाही म्हणणार नाही. माल त्याच्याकडे अमानत असतो आणि ती नीट राखल्याचा पुरावा त्यालाही हवाच असतो.

डाळ मिल आणि जिनिंगवाल्यांसाठी थोडक्यात. तुरीची थप्पी आतून तापू लागली की कीड किंवा ओल आली, असे समजावे. बाहेरून हात लावून ते कळत नाही. लांब सळईच्या टोकाला संवेदक बसवून तो थप्पीत मधोमध खुपसावा. आकडा किती आहे यापेक्षा तो रोज चढतो आहे का, हे पाहावे. कापसाला ओलाव्याचा हिशेब पैशांत लागतो. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात आणि १२ च्या वर खरेदी नाही. गोदामातली हवा दमट असेल तर कापूस ती ओढून घेतो, म्हणून दिवाळीच्या सुमारास गोदामात ओलाव्याची नोंद ठेवणे फायद्याचे.

शेवटी आपल्या कारागीर बांधवांना. फ्रिज, एसी आणि मोटार वाइंडिंगची कामे करणारी आपली कितीतरी मुले अकोल्यात आणि अमरावतीत आहेत. त्यांच्यासाठी हे काम अवघड नाही. डीएस१८बी२० नावाचा पोलादी टोपीचा संवेदक शे-दोनशे रुपयांत मिळतो. त्याला तीन तारा असतात. विजेची तार आणि आकड्याची तार यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाकावा लागतो, तो विसरला की यंत्र काही वाचत नाही. तारांचे रंग दर बनावटीला सारखे नसतात, म्हणून जोडण्यापूर्वी कागद पाहावा. थंड्या खोलीत एकदम ८५ अंश दिसले तर घाबरू नये, संवेदकाची वीज क्षणभर तुटून परत आली आहे, सांधा पाहावा. उणे १२७ दिसले तर तार तुटली आहे. उंदीर बहुधा तारेपाशीच सापडतो, म्हणून तार लोखंडी नळीतून न्यावी. खरी कमाई बसविण्यात नाही, देखभालीत आहे. वर्षाचा करार करावा: महिन्याला एक फेरी, बर्फाची चाचणी, बॅटरी, रिचार्जची तारीख आणि सही केलेला कागद ग्राहकाच्या फायलीत. दहा खोल्यांचे असे करार हातात असले तर उन्हाळ्यानंतर एसीची कामे थंडावली तरी दुकान चालू राहते. पहिली पेटी आपल्याच घरातल्या फ्रिजमध्ये आठ दिवस चालवून पाहावी. घरातला फ्रिज दिवसातून किती वेळा उघडला जातो, ते त्या रेघेवर दिसेलच.