हवाई बेटांतील पांगारा : विलीविली

पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांचें नांव आमच्या वाचकांस ऊंस व अननस यांच्या संबंधानें ठाऊक असेल. त्या बेटांवर ईशान्येकडून येणारे वारे डोंगरांस अडून एका अंगास मुसळधार पाऊस पाडतात आणि दुसरें अंग, सह्याद्रीपलीकडील माणदेशासारखें, कोरडें राहतें. या कोरड्या अंगास लाव्हाच्या खडकांत विलीविली नांवाचें झाड आपण होऊन वाढतें. जगांत इतरत्र कोठेंहि तें मूळचें नाहीं. शास्त्रांत त्यास एरिथ्रिना सँडविसेन्सिस म्हणतात. अर्थात् आपल्या पांगाऱ्याचें तें भावंडच होय.

फाल्गुनांत निष्पर्ण पांगारा तांबड्या फुलांनीं पेटलेला ज्यानें पाहिला आहे, त्यास विलीविली ओळखण्यास अडचण पडणार नाहीं. तेंच तिहेरी पान व तेच खोडावरील कांटे. मात्र फुलांचा रंग एकच नसतो. शेजारशेजारच्या दोन झाडांवर नारिंगी व फिकट हिरवीं फुलें दिसतात, आणि क्वचित् पांढरींहि आढळतात. शेंग पिळवटून उकलते व आंतील लाल बीं बाहेर दिसूं लागतें; पीळ पडण्याच्या या गुणावरूनच झाडास हें नांव पडलें. लांकूड अतिशय हलकें. तेथील कोळी त्याची होडीस उलांडी करीत, जाळें तरंगत ठेवण्यास तेंच बांधीत, आणि लाटांवर उभें राहून खेळण्याच्या लांब फळ्याहि त्याच्याच करीत. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांकरितां पांगाऱ्याकडे वळले, तें याच हलकेपणामुळें.

अवर्षण सोसण्याची या झाडाची युक्ति साधी आहे. हवाईच्या सखल प्रदेशांत पाऊस मुख्यत्वें हिंवाळ्यांत पडतो. उन्हाळा लागला कीं झाड पानें टाकतें, म्हणजे पाण्याचा खर्चच बंद होतो. निष्पर्ण अवस्थेंतच तें फुलतें, आणि पाऊस आला कीं पालवी फुटते. ही रीत ध्यानांत न घेतां हौशी बागवान उघडें झाड पाहून घाबरतात व त्यास पाणी घालूं लागतात. निजलेल्या झाडास पाजलेलें हें पाणी मुळाशीं सांचून मुळें कुजवितें. आमच्या मतें बागेंतील विलीविलीस दुष्काळापेक्षां ही माया अधिक बाधते.

लागवड बियांपासून करावी. बियांचें कवच फार टणक असतें. म्हणून डोळ्याच्या विरुद्ध बाजूस कानशीनें थोडेंसें घांसून बीं रात्रभर पाण्यांत ठेवावें. जें फुगेल तेंच पेरावें. न फुगलेलें पुन्हां घांसावें. वाळू अगर खडी मिसळलेल्या मातींत अर्धा इंच खोल पेरिलें असतां आठपंधरा दिवसांत कोंब येतो. मूळ सरळ खोल जात असल्यामुळें कुंडी उंच असावी व रोप लहान असतांनाच कायमच्या जागीं लावावें. जागा भर उन्हाची व निचऱ्याची पाहिजे. पहिलें वर्षभर वाढीच्या दिवसांत पाणी द्यावें. पुढें झाडास स्वतःच्या बळावर सोडावें. खोड पुढें फार जाड होतें, यास्तव भिंतीस लागून लावूं नये. बीं विषारी आहे, हें घरांतील मुलांस सांगून ठेवावें.

येथपर्यंत सर्व सोपें आहे. परंतु २००५ सालीं ओआहू बेटावर चिलटाहून लहान अशी एक माशी आढळली आणि कांहीं महिन्यांतच ती सर्व मोठ्या बेटांवर पसरली. ती कोंवळ्या पानांत व देंठांत अंडीं घालते. अळीमुळें तेथें गांठी येतात, पालवी आकसते व झाड खंगत जातें. अळी गांठीच्या आंत असल्यानें वरून औषध फवारून लाभ होत नाहीं. तेथें वाऱ्याच्या आडोशास लाविलेले आपले पांगारेहि असंख्य मेले. अखेर आफ्रिकेंतील टांझानियांतून या माशीच्या अळ्या खाणारा दुसरा कीटक आणून, त्याची नीट परीक्षा करून, २००८ सालीं तो सोडण्यांत आला. त्यामुळें पानें पुष्कळ अंशीं सुधारलीं. फुलें व शेंगा मात्र अद्याप पूर्ण निर्भय नाहींत. त्यांत बीं पोखरणारा आफ्रिकेचा एक भुंगेराहि तेथें शिरला आहे. रानांत उरलेलें थोडें बीं रुजलें, तरी शेळ्या व उपऱ्या गवताचे वणवे रोपांस वाढूं देत नाहींत. म्हणून बागेंत जोपासलेल्या एकेका झाडाची किंमत तेथें मोठी आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणास तेथील बीं मागविण्याचा मोह झाल्यास तो आवरावा, अशी आमची विनंति आहे. परवान्यावांचून परदेशचें बीं आणणें कायद्याविरुद्ध आहेच. शिवाय भुंगेरा बियांच्या पोटांत बसूनच प्रवास करितो. कोरड्या बागेस शोभा हवी असेल तर आपला पांगारा पुरेसा आहे. गांठींची माशीहि आपल्या देशांत आलेली असून, केरळांत मिरीच्या वेलांस आधार देणाऱ्या पांगाऱ्यांचें तिनें नुकसान केलें आहे. तेव्हां कुंपणाच्या पांगाऱ्यांची नवी पालवी मधून मधून पाहात जावी, गांठी दिसल्यास तेवढे शेंडे छाटून तत्काळ जाळावे, आणि अशा झाडाचीं खुंटें दुसऱ्या गांवीं लावण्यास देऊं नयेत.