बेस गिटार : निवड, जुळवणी आणि मंडपातला आवाज



आपल्या गंगापूर तालुक्यात कार्यक्रमांचे हंगाम ठरलेले आहेत. एप्रिलमध्ये भीमजयंती, भाद्रपदात गणपती, त्यामागे नवरात्र आणि मधल्या काळात लग्नसराई. स्टेजवर कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड असतात, आणि काही ग्रुपमध्ये बेस गिटारही असते. या बेसबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. "घरी मस्त वाजते हो, पण मंडपात गेलं की नुसतं घूं घूं होतं, सूर कळतच नाही." मग सल्ला मिळतो की गिटार हलकी आहे, महागातली घे. पोरगं हप्त्यावर नवी गिटार आणतं आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच घूं घूं.

म्हणून आजच्या पाठात आपण एकच गोष्ट शिकणार आहोत. मंडपातला आवाज बिघडायची बहुतेक कारणं तारा, पिकअप, जुळवणी आणि जोडणी यांत असतात. ती पैसे खर्च करण्याआधी स्वतः तपासता येतात. त्यासाठी लागतो एक ट्यूनर, एक मिलिमीटरची पट्टी, योग्य मापाचा पाना आणि थोडा धीर.

१) बेस गिटार म्हणजे नेमकं काय?

पूर्वी खालचे सूर वाजवायला माणसाएवढं उंच डबल बेस हे वाद्य असायचं. त्याला फ्रेट नसतात, त्यामुळे सूर अंदाजाने धरावा लागतो, आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज दबून जातो. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. फ्रेटमुळे सूर अचूक लागतो, म्हणून हे नाव. १९६० मध्ये त्याच कंपनीची 'जॅझ बेस' आली. आजच्या बहुतेक बेस गिटार या दोन नमुन्यांवरूनच निघालेल्या आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हे वाद्य रुळलं. राहुलदेव बर्मन यांच्या वादकांमध्ये टोनी वाझ बेस गिटार वाजवत.

चार तारांच्या बेसचे सूर जाडीकडून बारीककडे असे असतात : ई ४१.२, ए ५५, डी ७३.४ आणि जी ९८ हर्ट्झ. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झला वाजते. म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली.

तारेचा नियम आठवा. तार लांब, जाड किंवा सैल केली की सूर खाली जातो. नुसती सैल केली तर ती फ्रेटवर आपटून फडफडेल. म्हणून बेसमध्ये लांबी आणि जाडी वाढवतात. साध्या गिटारची तार सुमारे ६५ सेंटिमीटर, तर बेसची ३४ इंच म्हणजे ८६.४ सेंटिमीटर असते. हात लहान असेल तर ३० इंचांची छोटी बेसही मिळते. तिच्या तारा थोड्या सैल लागतात आणि आवाज जरा गोल येतो.

२) पिकअप : दहावीचं विज्ञान

पिकअपमध्ये चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते. हेच फॅरेडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. म्हणूनच इथे नायलॉनची तार चालत नाही.

प्रिसिजन पद्धतीचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत येतो. ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात, त्यामुळे बाहेरून आलेली विजेची घरघर एकमेकांत कापली जाते. जॅझ पद्धतीत दोन वेगळे पिकअप असतात. दोन्ही बटणं सारखी उघडली की घरघर जाते. एक कमी केलं की परत येते.

आता हा मुद्दा नीट लक्षात घ्या. आपल्याकडे घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे. बेसच्या ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी हा सूर ४९ हर्ट्झला वाजतो. म्हणजे विजेची घरघर बेसच्या सुरांच्या अगदी मांडीला मांडी लावून बसते. मिक्सरवर ती कापायला गेलात तर बेसही कापला जातो. म्हणून ती मुळातच येऊ न देणं महत्त्वाचं. जिथे जनरेटर, हॅलोजन आणि लायटिंगच्या माळा शेजारी असतात, तिथे प्रिसिजन पद्धतीचा पिकअप किंवा दोन्ही बटणं सारखी ठेवलेली जॅझ बेस कमी त्रास देते.

काही गिटार 'अॅक्टिव्ह' असतात. त्यांत ९ व्होल्टची बॅटरी लागते. बॅटरी उतरली की आवाज फाटतो किंवा बारीक होतो. केबल लावून ठेवली की बॅटरी जळत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढा आणि जादा बॅटरी खिशात असू द्या.

३) दुकानात काय तपासायचं?

- आधी अॅम्प्लिफायर न लावता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. कुठे फडफड येते, कुठे सूर लगेच मरतो, ते ऐका.
- गिटारच्या मानेकडे एका टोकाकडून डोळा लावून बघा. मान पिळलेली दिसली तर ती गिटार सोडून द्या.
- मानेतल्या ट्रस रॉडचा नट फिरतो का, त्याच्या खाचा झिजलेल्या नाहीत ना, हे जुनी गिटार घेताना विचारून दाखवून घ्या.
- पट्टा लावून उभं राहा. हात सोडल्यावर मान खाली झुकली तर अडीच-तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात तिला धरण्यातच दमेल.
- बटणं फिरवताना खरखर होते का, केबल हलवल्यावर आवाज तुटतो का, तेही बघा.

सगळे पैसे गिटारवर घालू नका. नव्या तारा, चांगली केबल आणि डीआय बॉक्स यांच्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवा. मंडपात मधल्या किमतीची नीट जुळवलेली बेस महागड्या पण बिनजुळवलेल्या बेसपेक्षा चांगली वाजते.

४) जुळवणी : क्रम चुकवू नका

खालची प्रत्येक पायरी पुढच्या पायरीवर परिणाम करते. म्हणून क्रम पाळा आणि दर पायरीनंतर पुन्हा सूर लावा.

तारा. नेहमीचा संच इंचाच्या हजाराव्या भागात ४५ ते १०५ असतो, म्हणजे साधारण १.१ ते २.७ मिलिमीटर. गोल गुंडाळीच्या तारा खणखणीत वाजतात. सपाट गुंडाळीच्या तारांचा आवाज मऊ आणि घट्ट असतो. घाम आणि मळ तारेच्या गुंडाळीत बसला की वरची कंपनं मरतात आणि आवाज बोदा होतो. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने तार पुसा.

मानेचा बाक. तार सूरात लावा. पहिला फ्रेट आणि मान जिथे धडाला मिळते तो फ्रेट, असे दोन्ही दाबून धरा. मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे ०.३ मिलिमीटर फट असावी. एक साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर बहुतेक गिटारमध्ये नट घड्याळाच्या दिशेने फिरवतात, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. नट अडला तर जोर लावू नका, जाणत्या कारागिराकडे न्या.

आपल्याकडे एप्रिलची कोरडी उष्णता आणि भाद्रपदातली दमट हवा यांत मोठा फरक असतो. लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं, त्यामुळे मान थोडी हलते. भीमजयंतीला जुळवलेली गिटार गणपतीत तशीच असेल, असं धरून चालू नका. मोजा, मग ठरवा.

तारेची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २.४ ते २.८ आणि बारीक तारेखाली २ ते २.४ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. स्टेजवर हात घरच्यापेक्षा जोरात पडतो, म्हणून फार खाली नेऊ नका.

सप्तकाचा सूर. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे सूर दुप्पट होतो. पण तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. ही चूक भरून काढायला ब्रिजवरचे तुकडे पुढे-मागे सरकतात. बाराव्या फ्रेटवर बोट अलगद टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तोच फ्रेट दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर तुकडा मानेपासून लांब न्या, उतरता असेल तर जवळ आणा. हे नव्या तारांवरच करा.

पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली ३ आणि बारीक तारेखाली २.५ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. पिकअप फार जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढतो, सूर डगमगतो आणि लवकर विझतो. चारही तारा सारख्या ऐकू येईपर्यंत स्क्रू थोडे थोडे फिरवा.

५) घरी छान, मंडपात घूं घूं : असं का?

४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८.४ मीटर, म्हणजे २७ फुटांहून जास्त. खोलीत भिंती हा आवाज परत फेकतात आणि बेस भरदार वाटतो. मोकळ्या मैदानात भिंती नसतात, आणि मंडपाच्या कापडातून खालचे सूर सरळ निघून जातात. वादकाला वाटतं बेस कमी पडला, म्हणून तो बेसचं बटण पूर्ण फिरवतो. खालच्या सुरांना ताकद सर्वांत जास्त लागते. अॅम्प्लिफायर दमतो आणि आवाज फाटतो.

त्यात ढोलकचा धुम, ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात, सगळे त्याच जागेत गर्दी करतात. उपाय असे :

- कीबोर्डवाल्या दादाला सांगा, बेस वाजत असताना डाव्या हाताचे खालचे सूर सोड. हा बिनपैशाचा उपाय सर्वांत जास्त उपयोगी पडतो.
- बेसचं बटण मध्यावर आणा आणि मधला पट्टा, साधारण ७०० ते १००० हर्ट्झ, थोडा वाढवा. आपला मेंदू वरच्या कंपनांवरून, म्हणजे ८२, १२३ हर्ट्झ अशा पटींवरून, खालचा मूळ सूर ओळखतो. लहान स्पीकरवरही बेस कळतो तो यामुळेच.
- ब्रिजजवळ छेडलं की आवाज स्पष्ट आणि कडक येतो, मानेजवळ छेडलं की गोल. घूं घूं होत असेल तर हात ब्रिजकडे सरकवा.
- न वाजणाऱ्या तारा बोटांनी दाबून गप्प ठेवा. अर्धं घूं घूं त्यांचंच असतं.
- गिटारपासून मिक्सर लांब असेल तर मधे डीआय बॉक्स लावा. तो सिग्नल लांब केबलसाठी योग्य करतो आणि घरघर कमी करतो.
- कार्यक्रमापूर्वी गिटार उन्हात ठेवू नका. पोलाद तापून प्रसरण पावतं आणि सूर उतरतो. स्टेजवर गेल्यावर पुन्हा ट्यून करा.

६) जीव आणि कान

घरघर घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढतात. हे कधीही करू नका. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अर्थला जोडलेल्या असतात. हात तारेवर आणि ओठ माइकला लागले, आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल, तर झटका बसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण फक्त सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग तसंच राहतं. म्हणून घरघरीवर ते वापरा. सगळी साधनं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर घ्या आणि मंडपाच्या लाइनवर ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी लावायला सांगा.

कानांचंही तसंच. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात माणूस ८ तास राहू शकतो, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायचे असतात. राज्य सरकार ठराविक सणांना १२ पर्यंत सूट देऊ शकतं. जो बेस स्पष्ट वाजतो, त्याला मोठ्याने वाजावं लागत नाही. नीट जुळवणीचा हा फायदा स्टेजपुरता नाही, सगळ्या गल्लीला आहे.

स्वाध्याय

१) तारेची लांबी निम्मी केल्यास सूर किती पट होतो? बाराव्या फ्रेटवर ट्यूनर लावून पडताळा.

२) ध्वनीचा वेग ३४५ मीटर प्रति सेकंद धरून ५५ हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी काढा.

३) जॅझ बेसचं एक बटण हळूहळू बंद करा आणि घरघर कधी सुरू होते ते ऐका. कारण दोन वाक्यांत लिहा.

४) तुमच्या गावातल्या ग्रुपची बेस घेऊन बाक, उंची आणि पिकअपचं अंतर मोजा. आकडे तारखेसह वहीत लिहा आणि पावसाळ्यात पुन्हा मोजून फरक बघा.