नायट्याची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगा

पावसाळ्यात वस्तीत नायटा घरोघरी दिसतो. कपडे वाळत नाहीत, घामाने जांघेत, कमरेला चट्टे उठतात. वर्षावासात विहारात बाया-माणसे जमली की एकमेकांना मेडिकलमधल्या गोळीचे नाव सांगतात. पण घरात कोणी मनाच्या आजारावर औषध घेत असेल, तर ही गोळी त्यांच्या जीवावर बेतू शकते.

असे का होते? बरीचशी औषधे लिव्हरमध्ये मोडली जातात आणि मग शरीराबाहेर पडतात. नायट्यावरची इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल ही औषधे लिव्हरचे हे काम अडवतात. फ्लुकोनाझोलही काही प्रमाणात अडवते. मग क्वेटियापीन किंवा हॅलोपेरिडॉलची गोळी रोजचीच घेतली, तरी रक्तात औषध साचत जाते. केटोकोनाझोलसोबत क्वेटियापीनचे प्रमाण पाच ते आठ पट वाढते. पिमोझाइडसोबत तर ही औषधे देऊच नयेत. हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. टर्बिनाफीनचाही रिस्पेरिडोनवर परिणाम होऊ शकतो, म्हणून 'दुसरी गोळी चालेल' असे आपणच ठरवू नये. बाहेरून लावायच्या मलमाचा असा धोका फारच कमी असतो.

खरी अडचण लाजेची आहे. त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्यावर आपण शुगर, बीपी सांगतो. मनाच्या आजाराची गोळी मात्र लपवतो. लोक 'वेडा' म्हणतील, मुलीचे लग्न मोडेल, ही भीती असते. पण मनाचा आजार मागच्या जन्माचे फळ नाही. तो शुगरसारखाच आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

म्हणून एवढे करा. सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद एका पिशवीत ठेवा. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती पिशवी न्या. दोन्ही औषधे आधीच सुरू असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मनाच्या आजाराची गोळी स्वतःहून बंद करू नका, आजार उलटतो. इट्राकोनाझोल थांबवल्यावरही तिचा परिणाम काही दिवस राहतो, हेही लक्षात ठेवा.

अति झोप, उठताना चक्कर, छातीत धडधड, हातपाय ताठ होणे, शुद्ध हरपणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. मनाच्या आजाराबद्दल बोलायचे असेल तर टेली-मानस १४४१६ वर मोफत, मराठीतही बोलता येते.