वाघ म्हणजे प्राणीच, हे यंत्राला कोण सांगणार?

भोपाळचे हबीबगंज स्थानक नोव्हेंबर २०२१पासून राणी कमलापती या नावाने ओळखले जाते. तिथून इटारसीकडे जाणारी गाडी बरखेड्यानंतर मिडघाटात, रातापानीच्या जंगलात शिरते. या घाटात गाड्यांखाली वाघ मेले आहेत. जुलै २०२४मध्ये इथे एक बछडा दगावला. जखमी भावंडांना भोपाळला आणायला एका डब्याची खास गाडी धावली.

रुळांवरचा वाघ कॅमेऱ्याने आधीच ओळखला तर? हजारो छायाचित्रांवर शिकलेले न्यूरल नेटवर्क हे करू शकते. पण अंधूक चित्र पाहून तेच नेटवर्क ‘वाघ’ला ०.९ आणि ‘प्राणी’ला ०.३ गुण देऊ शकते. लहान मूलही इथे अडेल. नेटवर्क अडत नाही, कारण त्याने फक्त उदाहरणे पाहिली, नियम शिकलाच नाही.

खरे तर या विद्येचा आरंभ तर्कातूनच झाला. १९४३मध्ये मॅकलक आणि पिट्स या संशोधकांनी मज्जापेशींची जोडणी ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशा तार्किक क्रियांतून मांडली. पुढे उदाहरणांवरून शिकणे आणि नियमांवरून तर्क करणे या वाटा वेगळ्या झाल्या. आता त्या पुन्हा जुळवल्या जात आहेत.

‘वाघ असेल तर प्राणी असेल’ हा नियम कितपत पाळला गेला, हे पोलिश तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच यांच्या सूत्राने मोजता येते: १ − ०.९ + ०.३ = ०.४. पूर्ण एकाला ०.६ कमी पडले. ही तूट नेटवर्कच्या चुकीत धरली, की प्रशिक्षणात त्याच्या आतले आकडे ती भरून काढण्याच्या दिशेने सरकतात. म्हणजे नियमच शिक्षक होतो. रात्रीच्या वाघाची छायाचित्रे मोजकीच मिळतात, तिथे हा शिक्षक फार मोलाचा.

तरीही असा शिकवलेला नियम दरवेळी पाळला जाईलच, याची हमी नाही. रेल्वेचे इंटरलॉकिंग वेगळे: सांधे नीट बसून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल हिरवा होत नाही, तिथे ०.९ चालत नाही. म्हणून वाघ ओळखण्याचे काम नेटवर्ककडे द्यावे. गाडीचा वेग कधी उतरवायचा, हे मात्र स्वतंत्र, लेखी नियमाने ठरावे. लोको पायलट आणि वनाधिकारी दोघांनाही तो वाचता यावा, त्यावर हरकत घेता यावी. किती शंका आली की गाडी थांबवायची, हा आकडा यंत्राने नव्हे, माणसांनी उघडपणे ठरवायला हवा. कारण उशिराची आणि वाघाच्या जिवाची तुलना त्यातच दडलेली आहे.