माकडाचं गाणं, वानराची आरती

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्यानं निघालं की सुमारे पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातखाचरं, मधूनमधून नारळ, आणि गावात एक जुनी दगडी वास्तू : मुक्तांबाळ छत्रम. तंजावरच्या सरफोजीराजे दुसरे यांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावानं १८०२ साली हे छत्र उभारलं. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना इथं टेकायला जागा आणि पोटाला अन्न मिळे. पुढे याच आवारात मुलं शिकू लागली.

माकडांच्या गाण्यांचा आढावा घ्यायला बसलो आणि हे छत्र आठवलं. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन आलेला माणूस ओरत्तनाडूला मुक्काम करत होता तो पुढे सेतू गाठण्यासाठी. सेतू कुणी बांधला? वानरांनी. अर्धा देश पायांखाली घालून ज्यांच्या कामगिरीचं दर्शन घ्यायला जायचं, त्यांच्याच जातभाईंनी वाटेत कुणाची शिदोरी पळवली, तर त्यांच्यामागे काठी घेऊन धावायचं. आपल्या गाण्यांतही नेमकी हीच दुटप्पी रीत आहे.

वानराची पंगत

मराठी माणूस वानर आणि माकड यांत गल्लत करत नाही. काळतोंड्या, लांब शेपटीचा, या झाडावरून त्या झाडावर झेपावणारा तो वानर. लालसर तोंडाचं, चुळबुळं, हातातलं हिसकावून घेणारं ते माकड. प्राणिशास्त्रातही या दोन वेगळ्याच जाती आहेत. गाणी रचणाऱ्यांनी ही वाटणी आणखी पक्की केली : वानराला आरती, माकडाला टाळ्या.

आरतीच्या पंगतीत पहिलं पान समर्थ रामदासांचं. त्यांचं 'भीमरूपी' स्तोत्र तालमीत, देवळात आणि तिन्हीसांजेला घराघरांत म्हटलं जातं. त्यातला मारुती शेपटीसकट आहे, पण ती शेपटी आखाड्यात उतरलेल्या मल्लाच्या शेल्यासारखी डौलात वळलेली. खोडी नाही, चाळा नाही. जोडाक्षरांचा मारा असा की म्हणणाऱ्याचीही छाती पुढे येते. तंजावर आणि मन्नारगुडीला रामदासी मठ उभे राहिले, त्यांच्याबरोबर हा मारुती कावेरीकाठी उतरला. उलट दिशेनंही एक खेप झाली. सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरहून घडवून आणल्या, असं परंपरा सांगते.

एकनाथ मात्र वानरांना थोडी मोकळीक देतात. 'भावार्थरामायणा'त वानरसेना लढते आणि धुडगूसही घालते; कीर्तनकाराला हशा पिकवायचा असला की तो तिथंच हात घालतो. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार तंजावरला आले. त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी (१८४७–१९०३) कर्नाटक संगीतात मराठी कीर्तनाचे छंद मिसळले. साकी, दिंडी, ओवी हे आपले शब्द तमिळ हरिकथेत असे रुळले की तिथल्या श्रोत्यांना ते परके वाटेनासे झाले. मराठी छंदावर स्वार होऊन हनुमंतानं तमिळ श्रोत्यांसमोर पुन्हा एकदा समुद्र ओलांडला.

या पंगतीतलं माझं सर्वांत आवडतं पान 'गीतरामायणा'चं. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ही छप्पन्न गीतांची माला. त्यातलं सेतू बांधण्याचं गीत वानरांच्या समूहाच्या तोंडी आहे. ते ऐकताना डोळ्यांपुढे शेपट्या येत नाहीत. घमेली हातोहात पुढे सरकवणारी बांधकामावरची माणसांची रांग येते. भक्तिगीत म्हणून ऐकायला बसावं आणि श्रमगीत ऐकून उठावं, असं ते गाणं आहे. पण त्यासाठी वानराला माणूस व्हावं लागलं, हे ध्यानात ठेवायला हवं. आपण आरती करतो ती त्याच्यातल्या माकडाची नव्हे.

माकडाची पंगत

दुसऱ्या पंगतीत सगळा कल्ला. इथं माकड दुकान काढतं, टोपी घालतं, आरशात पाहतं, लग्नाला निघतं. झाडावर माकड दिसलं की पोरं ज्या ओळी ओरडतात, त्यांत 'हूप'ला 'तूप' जोडण्यापलीकडे फारसा अर्थ नसतो, आणि तेवढ्यावरच त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. माकडानं मांडलेल्या दुकानाचं बालगीत तर बालवाडीत गेलेल्या बहुतेकांना येतं. अशा गाण्यांत माकडाला माणसाचं काम देतात आणि ते कसं फसतं, हे पाहून हसतात. मोठ्यांच्या म्हणी आणखी कडवट. माकडाच्या हाती कोलीत द्यायचं नाही. आणि जो आधीच मर्कट आहे, त्यानं मद्य प्यायलं, तर पुढे काय विचारता!

खरं माकडगाणं मात्र रस्त्यावर होतं. डमरूचा आवाज, दोरीला बांधलेली नर-मादीची जोडी, आणि माकडवाल्याची अखंड बडबड. रुसून माहेरी निघालेली बायको, तिला आणायला गेलेला नवरा, सासऱ्याला घातलेला सलाम, शेवटी पैशासाठी पुढे केलेली ताटली. अर्धं गाणं, अर्धा संवाद, आणि सगळा ठेका काठीचा. ते कुणी लिहून ठेवलं नाही. १९९८च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं माकडं, अस्वलं, वाघ, बिबटे आणि सिंह यांना खेळासाठी शिकवायला व त्यांचे खेळ करायला बंदी आली. माकडांच्या बाजूनं पाहिलं तर ते योग्यच झालं. पण ज्यांचं पोट त्या डमरूवर होतं, त्यांच्या हाती नुसता डमरू राहिला.

हे माकडवाले कोण? महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी जमातीखाली त्यांचं नाव येतं, आणि शेजारीच 'कोंची कोरवा' असंही लिहिलेलं असतं. यातला 'कोरवा' हा शब्द लक्षात असू द्या. तो आपल्याला पुन्हा तंजावरला नेणार आहे.

परदेशी कपी

तिकडे जाण्याआधी पश्चिमेकडे एक नजर. इंग्रजी गाण्यांत माकडांची रेलचेल आहे, पण तिथलं माकड बहुधा माकड नसतंच. चक बेरीच्या १९५६च्या गाण्यात ती रोजची कटकट आहे. पीटर गॅब्रिएलच्या १९८२च्या गाण्यात मत्सर आहे. रोलिंग स्टोन्सचा १९६९चा 'मंकी मॅन' म्हणजे स्वतःच्याच रानटीपणाची फुशारकी. किंक्सच्या १९७०च्या 'एपमॅन'मधला माणूस शहराला, धुराला आणि बॉम्बच्या धास्तीला कंटाळून झाडावर परतू पाहतो. तिथं गाणारा माकडाकडे पाहून हसत नाही. तो स्वतःच माकड होऊन सुटका करून घेतो.

डिस्नेच्या १९६७च्या 'जंगल बुक'मध्ये उलटा प्रकार आहे. वानरांचा राजा लुई माणूस व्हायचं म्हणून मोगलीकडे अग्नीचं रहस्य मागतो, तेही लुई प्रायमाच्या झोकदार जॅझमध्ये. गाणं फक्कड आहे, भूगोल मात्र पार चुकलेला. लुई हा ओरांगउटान, आणि तो सिवनीच्या, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारच्या, जंगलात कधीच नव्हता. भारतात बिनशेपटीचा कपी एकच, हुलॉक गिबन, आणि तोही ईशान्येकडे. किपलिंगच्या मूळ कथेत बंदरलोकांना राजाच नाही. त्यांची सगळी थट्टाच त्यावर बेतलेली आहे.

डोंगरावरचा संसार

आता पुन्हा कोरवांकडे. तमिळमध्ये 'कुरवंजी' नावाचा नाट्यप्रकार आहे. डोंगरात राहणारी कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री विरहिणी नायिकेकडे येते, हात पाहते आणि आपल्या डोंगराचं वर्णन गाते. तंजावरच्या मराठी दरबाराला या प्रकाराचं भारी वेड. सरफोजींना नायक करून शिवक्कोळुंदु देशिकरांनी 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली, आणि ती बृहदीश्वराच्या देवळात नाचली गेली.

सगळ्या कुरवंज्यांत लोकांच्या ओठांवर बसली ती अठराव्या शतकातल्या तिरिकूड रासप्प कविरायरांची 'कुट्राल कुरवंजी'. तिच्यातलं डोंगराचं वर्णन तमिळ मुलं शाळेत शिकतात. त्याची सुरुवातच माकडांपासून होते. नर माकडं आपल्या माद्यांना फळं देऊन लाडीगोडी लावतात, आणि त्यातली खाली सांडलेली फळं मिळावीत म्हणून वरचे देव याचना करतात.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी थबकलो. इथं माकड पूल बांधत नाही, सलाम ठोकत नाही, कुणाच्या मत्सराचं सोंगही घेत नाही. ते घरी आहे. तमिळमध्ये नर माकडाला 'कडुवन' आणि मादीला 'मंदि' असे वेगळे शब्द आहेत. ज्या भाषेनं माकडाच्या नवऱ्याला आणि बायकोला स्वतंत्र नावं दिली, तिला त्यांचा संसार दिसणारच. आमचा माकडवालाही नवरा-बायकोचाच खेळ करत होता, पण तो संसार माणसाचा होता, आणि दोरी माणसाच्या हातात. कुरवंजीतल्या जोडप्याला दोरी नाही. तिथं माणसानं काही मागायचं तर देवांच्या रांगेत उभं राहावं लागेल.

आणि गंमत अशी की, दोन्ही गाण्यांशी नाव जोडलेलं आहे ते कुरव-कोरवांचंच. एका मुलुखात त्यांची बाई माकडांचा डोंगर गात राहिली. दुसऱ्या मुलुखात त्यांचा गडी माकड घेऊन गावोगाव हिंडला.

सरफोजीराजांनी स्वतः मराठीत 'देवेंद्र कोरवंजी' लिहिली. पण त्यांना नव्या विद्येचा ध्यास. त्यांची कोरवीण डोंगर सोडून खंडांची, देशांची नावं सांगते, जगाचा भूगोल समजावते. ज्या राजानं यात्रेकरूंसाठी छत्र आणि मुलांसाठी शाळा काढली, त्याला हेच सुचणार. पण त्यामुळे फळ सोलून बायकोला देणारा तो कडुवन मराठीत यायचा राहिला. वानराची आरती आणि माकडाचा तमाशा यांच्या मधली ती जागा आपल्याकडे अजून मोकळी आहे.

छत्रात उतरणाऱ्या आपल्या यात्रेकरूंची वाट ओरत्तनाडूवरून सरळ सेतूकडे जात होती. कुट्रालम तिथून बरंच दूर, पश्चिम घाटाच्या कुशीत, धबधब्यांच्या गावी. पुढल्या खेपेला रामेश्वराला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून तिकडेही जाऊन या. तिथली माकडं मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखी दिसतात. हातातली फळांची पिशवी मात्र सांभाळा. गाण्यातलं औदार्य ती फक्त आपल्या बायकांसाठी राखून ठेवतात.