धरणाचा विसर्ग आणि सकाळचं वजन

पिंपळे गुरवच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘आईला हार्ट फेल्युअर आहे. डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलंय. दुखणं हृदयाचं, मग वजनकाटा कशाला?’

पवना नदीकाठच्या माणसाला हे चटकन उमगेल. पावसाळ्यात धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडलाय, हा आकडा आपण पाणी दारात यायच्या आधी बघतो. सकाळचं वजन हा तसाच आकडा.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. गरजेइतकं रक्त पुढे ढकलणं त्याला जमेनासं होतं. मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचलं की शरीरात पाणीच कमी आहे असा त्यांचा समज होतो आणि ती मीठ-पाणी धरून ठेवतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो! म्हणून पावलं सुजण्याआधी, रात्री धाप लागून उठून बसण्याआधी काट्याला कळतं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, रोज त्याच काट्यावर वजन करावं आणि कालनिर्णयच्या चौकटीत लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन करावा.

मिठाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. सैंधव ‘चालतं’ म्हणतात. पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, ते हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर घातक ठरू शकतं. आणि गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी पुन्हा मीठ-पाणीच साठवते. मीठ बदलण्यापेक्षा पापड-लोणचं, फरसाण कमी करणं सोपं. पाणी किती प्यायचं, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावं.

या आजाराच्या इतिहासातली माझी आवडती व्यक्ती अनामिक आहे. 1775 मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांपुढे श्रॉपशरच्या एका म्हातारीचा अंगावरच्या सुजेवरचा काढा आला. वीसेक वनस्पतींतून त्यांनी नेमकी फॉक्सग्लव्ह हेरली आणि 1785 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच जातकुळीतल्या वनस्पतीपासून मिळणारं डिगॉक्सिन आजही काही रुग्णांना देतात. विदरिंग यांचं नाव राहिलं. म्हातारीचं त्यांनी नोंदवलंच नाही. पण सूज चढते कधी, ओसरते कशानं, हे आधी तिनं पाहिलं होतं. आईचं वजन रोज चौकटीत लिहिणारं घरातलं माणूस तेच काम करत असतं. पुढच्या तपासणीला ते कॅलेंडर सोबत न्या. डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतील, ती त्या आकड्यांच्या आधाराने.