बर्फ, घाट आणि भावोजींची व्हॅन

बर्फावर मोटार चालविण्याचा विषय मराठीच्या प्राध्यापकाने हाती घ्यावा, हे वाचकांना अंमळ विनोदी वाटेल. आमचे निम्मे आयुष्य पुण्याच्या पावसात बंद पडलेली स्कूटर ढकलण्यात गेले. परंतु २०१८ च्या नाताळात अमेरिकेत डेन्व्हर येथे ताईकडे जाण्याचा योग आला आणि भावोजींच्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅनची ओळख झाली.

व्हॅन १९८५ सालची, टू-व्हील ड्राइव्ह. इंजिन मागे आणि ओढही मागच्याच चाकांना. म्हणजे इंजिनाचा भार नेमका ओढणाऱ्या चाकांवर पडतो, आणि चाके बर्फाला बरी धरून राहतात. इंजिन पुढे व ओढ मागे अशी रिकामी व्हॅन बर्फात पहिल्याच चढावर रुसते.

शेजारच्या गृहस्थांकडे हिचीच बहीण होती, फोर-व्हील ड्राइव्हची ‘सिंक्रो’. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे १९८५ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. मागची चाके घसरून जोरात फिरू लागली, की एका डबीतील दाट सिलिकॉन द्रव आपोआप पुढच्या चाकांनाही जोर पोहोचवतो. चालकाने काही करावे लागत नाही!

एके सकाळी दोन्ही व्हॅन लव्हलँड खिंडीकडे निघाल्या. उंची ११,९९० फूट. रस्त्याला पुष्कळ ठिकाणी कठडाच नाही. सिंक्रो डौलात वर गेली. आमची एका वळणावर अडली. ताईने आणि मी उतरून धक्का दिला. ढकलणे आमच्या नशिबातून तेथेही सुटले नाही.

परतताना शेजारी पुढे होते. वेग चढतानाचाच. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि आमच्या डोळ्यांदेखत ती व्हॅन सरळच घसरत गेली. ताईने माझा दंड घट्ट धरला. कडेला रचलेल्या बर्फाच्या ढिगात गाडी रुतली, म्हणून निभावले. पलीकडे दरी होती.

भावोजी खाली उतरले ते थेट टायरांपाशी वाकले. ते साधे होते, आणि झिजलेलेही. ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांनाच लागतात. थांबताना फोर-व्हील ड्राइव्हचा काही उपयोग नाही. तेथे कामाला येते ते रबर. साधे रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरांचे मऊ राहते, आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ पकडतात. आमच्या टू-व्हील व्हॅनला चारही तसले होते.

शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी चार हिवाळी टायर आणले. भावोजी मात्र अजून जुन्या सिंक्रोच्या जाहिराती चाळतात, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात ताईच्या हातून भांडी जरा जोरातच आपटतात.